भेट द्यावी, कचरा देऊ नये

सणवार आले की आपल्याकडे देणेघेणे सुरू होते. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून द्यायची. दिवाळीत फराळाची ताटे घरोघर पाठवायची. पाडव्याला बायकोला आणि भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी घालायची. पुढे संक्रांत येते. तिळगूळ वाटायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण द्यायचे. रथसप्तमीपर्यंत हे चालते.

ही रीत चांगली आहे. देण्याघेण्याने माणसे जोडली जातात. वर्षभर रुसलेला भाऊदेखील भाऊबीजेला बहिणीच्या दारी येतो. तेव्हा ही रीत मोडा, असे आम्ही सांगणार नाही. आम्ही एवढेच सांगणार आहोत की, भेट जरूर द्यावी. पण भेटीबरोबर कचरा देऊ नये. आणि कर्ज काढून तर मुळीच देऊ नये.

भाऊबीजेचा दुसरा दिवस

आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहतो. जवळच उपवनचा तलाव आहे आणि त्याच्या पलीकडे येऊरचा डोंगर. तुमच्यापैकी पुष्कळांचे भाऊ, बहिणी, मुले कामधंद्यासाठी या भागात आलेली असतील. इथे पूर्वी म्हाडाच्या बैठ्या, जुन्या इमारती होत्या. आता त्यांतल्या बऱ्याच पाडून तिथे उंच इमारती झाल्या आहेत. घरे बदलली, पण माणसे गावचीच आहेत. सण गावासारखेच होतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी येते. तेव्हा आम्ही खाली उभे राहून पाहतो. रोज एक बादली कचरा आणणारी बाई त्या दिवशी तीन बादल्या आणते. त्यात काय असते? मिठाईची रिकामी खोकी असतात. खोक्यातले प्लॅस्टिकचे कप्पे असतात. चकचकीत कागद असतो, फिती असतात, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या असतात. त्यांतच उरलेला फराळ, सुकलेली झेंडूची फुले आणि फटाक्यांचे कागद असतात. सगळे एकात एक मिसळलेले.

एकदा आम्ही एक खोके घरी उलगडून पाहिले. आत बारा लाडू होते. त्यांच्याभोवती काय काय होते ते मोजले. वर पातळ प्लॅस्टिक, मग रंगीत कागद, मग पुठ्ठ्याचे खोके, मग आतला प्लॅस्टिकचा साचा, आणि प्रत्येक लाडवाखाली कागदी वाटी. लाडू दोन दिवसांत संपले. बाकीचे सारे कुठे गेले?

उकिरडा आणि कचऱ्याचा डोंगर

तुम्ही शेतकरी आहात. उकिरडा म्हणजे काय ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले कळते. उकिरड्यात शेण पडते, पाला पडतो, राख पडते, खरकटे पडते. पावसाळ्याआधी तो उपसला की काळे, भुसभुशीत खत निघते. ते शेतात जाते. म्हणजे गावचा उकिरडा हा कचरा नव्हे. ती शेताची शिदोरी आहे.

हे कसे घडते? मातीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. ते पाला, शेण, अन्न खातात आणि त्याची माती करतात. हजारो वर्षे ते हेच काम करीत आले आहेत. पण प्लॅस्टिक त्यांना खाता येत नाही. प्लॅस्टिक हा माणसाने कारखान्यात केलेला पदार्थ आहे. 1907 साली बेकलँड नावाच्या शास्त्रज्ञाने पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक तयार केले. पिशवीचे प्लॅस्टिक त्यानंतर आले. म्हणजे हा पाहुणा पृथ्वीवर येऊन फार दिवस झालेले नाहीत. त्याला खाणारे पुरेसे जीव मातीत नाहीत. तो कुजत नाही. फक्त त्याचे तुकडे होत जातात. थर्मोकोलचेही तसेच.

आता शहराचा उकिरडा पाहा. ओला आणि सुका कचरा एकत्र टाकला की ना त्याचे खत होते, ना त्यातला कागद रद्दीवाला घेतो. मग तो गाडीत भरून दूर नेऊन टाकतात. ठाण्याचा कचरा बरीच वर्षे दिव्याला पडत होता. कल्याणचा कचरा आधारवाडीला पडत होता. आधारवाडीला तर कचऱ्याचा डोंगरच झाला होता. 2021 च्या मे महिन्यात तिथे कचरा टाकणे बंद झाले.

अशा डोंगरांना आगी लागतात. आधारवाडीला त्या वारंवार लागत. आग का लागते? ओला कचरा खाली दबून जातो. त्याला हवा मिळत नाही. मग त्यातून एक वायू निघतो. गोबर गॅसच्या टाकीत जो वायू तयार होतो ना, तोच हा. टाकीत तो आपली चूल पेटवतो. इथे तो कचराच पेटवतो. वर प्लॅस्टिक असतेच. ते जळते आणि विषारी धूर होतो. तो धूर आसपासच्या घरांत शिरतो. लहान मुले खोकतात, म्हाताऱ्यांना दम लागतो.

आणि लक्षात घ्या, हे कचऱ्याचे डोंगर शहराच्या मधोमध नसतात. ते शहराच्या कडेला असतात. दिवा हे पूर्वी खाडीकाठचे एक गावच होते. शहरातल्या भेटीचे वेष्टन शेवटी कुठल्यातरी गावाच्या वेशीवर जाऊन पडते. म्हणून ही गोष्ट केवळ शहराची नाही. तुमचीही आहे.

गाईची पूजा आणि गाईचे पोट

दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते. आपण त्या दिवशी गाईवासराची पूजा करतो. तिला गोडाचा घास देतो. आणि चार दिवसांनी काय करतो? उरलेला फराळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, पिशवीला गाठ मारतो आणि ती रस्त्याकडेला टाकतो. गाईला आतल्या अन्नाचा वास येतो. तिला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते.

ती पिशवी पचत नाही. शेणावाटे सहसा बाहेरही पडत नाही. पोटातच राहते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असा गोळा होत जातो. गाय चारा कमी खाते. दूध आटते. ती वाळत जाते. मालकाला वाटते, कुणाची दृष्ट लागली. शेवटी डॉक्टरला तिचे पोट फाडून तो गोळा काढावा लागतो. वेळेवर काढला नाही, तर गाय मरते.

पाच रुपयांचा फराळ वाया गेला तर फार बिघडले नाही. पण त्या पिशवीने दुभती गाय जाते. हा खर्च कुणाच्या हिशेबात लिहायचा?

एका ताईंचा हिशेब

आता आम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारी पोळ्या करायला एक ताई येतात. त्या मूळच्या मुरबाडकडच्या. आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर संध्याकाळी दहाबारा बायकांना लिहायला वाचायला शिकवीत असू. त्यात त्या येत. हिशेबात हुशार. एका वर्षी जानेवारीत त्या आम्हाला म्हणाल्या, “गुरुजी, भिशीतून दोन हजार रुपये व्याजाने उचलावे म्हणते.”

आम्ही विचारले, “कशाला हो ताई? घरी कुणी आजारी आहे का?”

“नाही हो. हळदीकुंकू करायचंय. आळीतल्या चाळीस घरच्या बायका. गेल्या साली समोरच्या वहिनींनी स्टीलच्या डब्या दिल्या. मी काय नुसता तिळगूळ हातावर ठेवू? लोक नाव ठेवतील.”

आम्ही म्हटले, “बरं. पैसे उचलायचे की नाही ते मागाहून ठरवू. गेल्या वर्षी तुम्हाला काय काय वाण मिळाले ते उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी त्या एक भरलेली पिशवी घेऊन आल्या. ती त्यांच्या खाटेखाली वर्षभर पडून होती. आम्ही सतरंजीवर ती ओतली. नऊ साबणाच्या डब्या निघाल्या. सात चहाच्या गाळण्या. पाच छोटे आरसे. चार प्लॅस्टिकच्या टोपल्या. बाकी कंगवे, पिना, झाकणे. तीन गाळण्यांची जाळी आधीच सुटलेली होती.

“ताई, एका घराला साबणाच्या डब्या किती लागतात?”

“एक,” त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या.

मग आम्ही त्यांना वही काढायला सांगितली. हिशेब त्यांनीच मांडला. तुम्हीही वहीत मांडून पाहा.

आळीत 40 घरे. प्रत्येक घरची बाई उरलेल्या 39 जणींना वाण देते. एक वाण 25 रुपयांचे धरू.
एका घराचा खर्च: 39 गुणिले 25, म्हणजे 975 रुपये.
एका घरात आलेल्या वस्तू: 39.
सगळ्या आळीत वाटलेल्या वस्तू: 40 गुणिले 39, म्हणजे 1560.
सगळ्या आळीचा खर्च: 40 गुणिले 975, म्हणजे 39,000 रुपये.

ताई बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे गुरुजी, मी 975 देते आणि 975 च्याच वस्तू घरी आणते. पण त्यांतली एक मला लागते.”

“आणि व्याज?”

“ते वरती.”

बघा, हा हिशेब आम्ही शिकवला नाही. तो त्यांना त्यांच्या वहीने शिकवला. जोपर्यंत वस्तू खाटेखाली होत्या, तोपर्यंत त्या दिसत नव्हत्या. लिहिल्यावर दिसल्या.

“मग देऊ काय?” असे त्यांनी विचारले. खरे सांगायचे तर आमच्याकडे उत्तर तयार नव्हते. आमची मंडळी आतून ऐकत होती. ती म्हणाली, “अहो ताई, तुमच्या भावाच्या शेतात वाल होतात ना? ठाण्यातल्या बायकांना गावचे कडवे वाल मिळाले तर साखरेहून गोड लागतील.”

ताईंनी भावाला फोन केला. भावाने चार किलो वाल पाठवले. चाळीस पुड्या बांधल्या. एकेका पुडीत शंभर ग्रॅम. पुड्यांसाठी आमच्याकडचा जुना कॅलेंडरचा कागद घेतला. हळदीकुंकू झाले. ताईंच्या पोटात भीती होतीच. एकदोघींनी पुडी उघडून “एवढंच?” असे म्हटलेसुद्धा. ताईंचा चेहरा उतरला.

पण दोन दिवसांनी आळीत वालाच्या बिरड्याचा वास सुटला. एक आजी मुद्दाम येऊन म्हणाल्या, “पोरी, पुष्कळ वर्षांनी गावची चव लागली गं.” पुढल्या जानेवारीत बायका त्यांना विचारू लागल्या, “ताई, यंदा वाल आहेत ना?”

सगळी आळी बदलली, असे आम्ही म्हणणार नाही. स्टीलच्या डब्या देणाऱ्या वहिनी अजून डब्याच देतात. पण त्या वर्षी ताईंनी भिशीतून पैसे उचलले नाहीत. वालाच्या पुडीतले काही कुणाच्या खाटेखाली पडून राहिले नाही. आणि पैसे आळीबाहेर दुकानात न जाता ताईंच्या घरातच राहिले.

जुनी रीत काय सांगते

कुणी म्हणेल, वाण द्यायची तर आपली जुनी चाल आहे. अगदी खरे. पण जुने वाण कसले होते, ते आठवा. संक्रांतीला मातीची सुगडे भरतात. त्यात काय घालतात? उसाचे तुकडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, तिळगूळ. सगळे त्या दिवसांत शेतात आलेले. खाण्याचे खाऊन झाले की सालटे गाईपुढे जात. सुगड फुटले तर माती मातीला मिळे. कचरा म्हणून काही उरतच नसे. प्लॅस्टिकची साबणाची डबी ही जुनी चाल नव्हे. ती काल बाजारातून आली.

दसऱ्याचेही तसेच आहे. सोने म्हणून एक पान दिले तरी पुरते. पण आपण आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतो. दुसऱ्या दिवशी ती पाने रस्त्यावर तुडवली जातात. मान पानाचा आहे, जुडीचा नाही.

वस्तू पुरवून वापरण्याची अक्कल आपल्या आयाबायांकडे होतीच. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. नातवंड त्या गोधडीत झोपे. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेत. ते कपडे पुढे कुणाच्या तरी अंगावर जात. शिदोरी फडक्यात बांधून नेत. फडके धुऊन पुन्हा वापरात.

जपानातही अशीच चाल आहे. तिथे भेट एका चौकोनी कापडात बांधून नेतात. त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. मधल्या काळात तिथेही प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. तेव्हा 2006 साली त्या देशाच्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके यांनी ही कापडाची चाल लोकांपुढे पुन्हा आणली. एवढा श्रीमंत देश, पण फडक्यात भेट बांधायला तो लाजत नाही. मग आपण का लाजावे?

आपल्याकडे संत गाडगेबाबांनी हीच शिकवण दिली. ते 1876 साली जन्मले आणि 1956 साली गेले. दिवसा ते हातात खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनात सांगत की, सणासाठी, लग्नासाठी कर्ज काढू नका. तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. गावची घाण आणि घरचे कर्ज, दोन्ही त्यांना सारखीच खुपत.

कायदा काय सांगतो

वाचायला येऊ लागले की कायदाही समजून घ्यावा. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी पिशव्या, थर्मोकोल अशा अनेक वस्तूंवर बंदी घातली. पुढे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर सबंध देशात बंदी आली. त्या यादीत प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे आहेत. सजावटीचे थर्मोकोल आहे. मिठाईच्या खोक्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायचा प्लॅस्टिकचा पातळ कागदही आहे. तेव्हा दुकानदार असे खोके देऊ लागला, तर त्याला सरळ सांगा, “दादा, हे बंद आहे. साध्या कागदात द्या.” किंवा घरून डबा न्या.

ओला कचरा आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवावा, असा नियम 2016 साली केंद्र सरकारने केला. वेगळा ठेवला तर पुठ्ठा रद्दीवाला घेतो आणि त्याचा पुन्हा कागद होतो. फुले आणि खरकटे यांचे खत होते. पण चमकी लावलेला, प्लॅस्टिक चढवलेला कागद कुणीच घेत नाही. म्हणून तो विकतच घेऊ नये. आणि प्लॅस्टिक घरामागे जाळू नये. चुलीत तर कधीच घालू नये. त्याचा धूर विषारी असतो.

मग भेट काय द्यावी?

भेट अशी द्यावी, जी संपेल, उगवेल किंवा रोज हाताळली जाईल.

संपेल अशी: घरचे तांदूळ, वाल, गूळ, मध, पापड, लोणचे. शहरातल्या बहिणीला गावच्या तांदळाचे मोल साडीहून कमी वाटत नाही.

उगवेल अशी: भाजीचे बी, मिरचीचे रोप, तुळस, कढीपत्ता.

रोज हाताळली जाईल अशी: कापडी पिशवी, गोधडी, उटणे नव्हे तर साधा साबण, मुलांना वही पेन्सिल. पण आधी विचारावे, “तुला काय हवे?” विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता दिलेली वस्तू माळ्यावर जाते.

आणखी एक भेट आम्हाला फार आवडते. ती म्हणजे पुस्तक. मराठीत दिवाळी अंकांची चाल आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ती चालत आली. एक पुस्तक घरात चार जण वाचतात. मग शेजारी वाचतो. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा ही भेट तुम्हीही मागू शकता.

सगळ्या आळीने एकत्र येऊन आणखी मोठी गोष्ट करता येईल. आपण हिशेब केला, त्यात 39,000 रुपये निघाले. त्यातले निम्मे जरी एकत्र ठेवले, तरी मोठी पातेली, सतरंज्या, स्टीलची ताटे येतील. लग्नाकार्याला ती सगळ्यांच्या उपयोगी पडतील. मग प्लॅस्टिकची ताटेही लागणार नाहीत आणि भाड्याचे पैसेही वाचतील.

ध्यानात ठेवा

1. भेट देण्याआधी विचारा. हवी तीच वस्तू द्या.
2. भेटीसाठी कर्ज काढू नका.
3. भेट फडक्यात, डब्यात किंवा साध्या कागदात द्या.
4. उरलेले अन्न पिशवीत बांधून टाकू नका. गाईला द्यायचे तर मोकळे द्या.
5. ओला व सुका कचरा वेगळा ठेवा. प्लॅस्टिक जाळू नका.
6. सणाचा खर्च वहीत लिहा.

वहीत लिहून पाहा

गेल्या सणात तुमच्या घरी कोणत्या भेटी आल्या? त्यांतल्या किती आज वापरात आहेत? किती पडून आहेत? किती फेकल्या? तुमच्या आळीत घरे किती? आम्ही केला तसा हिशेब तुमच्या आळीचा करा. तो रात्रीच्या वर्गात सगळ्यांना वाचून दाखवा.

वाचक बंधुभगिनींनो, देणाऱ्याचे मन वस्तूच्या किमतीत नसते आणि तिच्या चकचकीत कागदातही नसते. शंभर ग्रॅम वालाने एका आजींना आपले गाव आठवले. येत्या सणाला तुमच्या हातूनही अशी एखादी भेट जावो.